पांढरीची साक्ष आणि तालुक्याची सभा

वऱ्हाडांत मंगरूळ नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं अमरावती जिल्ह्यांतील तें मंगरूळ दस्तगीर, आणि वाशीम जिल्ह्यांतील, जेथें हयात कलंदर यांचा दर्गा आहे, तें मंगरूळपीर. ह्या दुसऱ्या मंगरुळाच्या इतिहासांत लढाया आणि राजवाडे धुंडाळणाऱ्याची निराशाच व्हावयाची. परंतु राज्यकारभाराचे निर्णय ज्यांच्या माथीं पडावयाचे त्या लोकांस ते घेण्यापूर्वीं कधीं, कोणीं आणि कोणत्या रीतीनें विचारलें, हा प्रश्न ज्याच्या मनांत आला असेल, त्यास ह्या एका तालुक्याची हकीकत मोठमोठ्या राजधान्यांच्या इतिहासाहून अधिक शिकवील अशी आमची समजूत आहे.

प्रथम केवळ हद्दींचीच गोष्ट घ्या. अठराव्या शतकांत वऱ्हाडांत दोअमल चालत असे. एकाच मुलुखाच्या वसुलांत निजामाचा वांटा वेगळा आणि नागपूरकर भोसल्यांचा वेगळा. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा हात त्यांतून निघाला. १८५३ सालीं निजामानें कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें तोच प्रांत सालिना २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्यानें घेतला, आणि पुढच्या वर्षीं तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडून दिला. १९०५ पर्यंत वाशीम, मंगरूळ व पुसद ह्या तीन तालुक्यांचा मिळून वाशीम जिल्हा होता. त्या सालीं तो मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळाकडे गेला. मध्यप्रांत-वऱ्हाडास १९५० सालीं मध्यप्रदेश हें नांव मिळालें, १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हा जिल्हा होऊन मंगरूळपीर त्याकडे परत आलें. मंगरूळचा कुणबी आपल्या शेतांतून हलला नाहीं. पण तो कितीक राज्यें आणि दोन जिल्हे फिरून आला.

ह्या फेऱ्यांत त्यास विचारलें कोणीं? १८५३ च्या तहांत रयतेच्या संमतीस जागाच नव्हती. १९०२ च्या पट्ट्यांतही ती नव्हती. १९४७ च्या अकोला करारावर किंवा १९५३ च्या नागपूर करारावर सह्या झाल्या त्या पुढाऱ्यांच्या. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमांत मात्र जिल्ह्या-तालुक्यांची हद्द बदलण्यापूर्वीं मसुदा प्रसिद्ध करण्याची अट घातलेली आहे. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु मसुदा प्रसिद्ध होणें आणि तो गांवच्या पारावर वाचला जाणें ह्यांत किती अंतर आहे, हें ज्यानें सरकारी राजपत्र कधीं उघडून पाहिलें असेल त्यास सांगावयास नको.

मग इंग्रजांपूर्वीं तरी रयतेस विचारीत असत काय? जुन्या दप्तरांतील महजर वाचणाऱ्यास ह्याचें उत्तर चटकन देतां येत नाहीं. वतनाचा, वृत्तीचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत बसे. त्यांत पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार व शेजारच्या गांवांतील मातबर मंडळी असे. परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि दिवाणाचे अधिकारी येऊन बसले म्हणजे तिची मजलस होई. दोन्ही पक्षांच्या तकरीरा ऐकून, साक्षी घेऊन, प्रसंगीं दिव्य करवून निवाडा होई, आणि त्याचा महजर लिहिला जाई. इतिहासाचार्य राजवाडे व त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनीं असे कागद पुष्कळ प्रसिद्ध केले आहेत. महजरांत उपस्थितांचीं नांवें असत, आणि लिहितां न येणाऱ्याच्या नांवापाशीं त्याच्या धंद्याची निशाणी काढलेली असे: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, त्याचप्रमाणें कारागिरांचीं आपापलीं हत्यारें. आम्हांस ह्या निशाण्या फार बोलक्या वाटतात. अमुक माणूस सभेस होता एवढेंच त्या सांगत नाहींत, तर तो कोणत्या नात्यानें बसला होता हेंही सांगतात. पुढें कोणी निवाडा नाकारूं लागल्यास, तो समस्त पांढरीच्या समक्ष झाला, हा त्यास मोठा जबाब असे.

परंतु ह्या सभेचें कौतुक करितांना दोन गोष्टी डोळ्यांआड करून चालणार नाहीं. गोत बसे तें झालेला तंटा तोडावयास. पुढच्या सालीं विहीर कोठें खणावी, गांवकुसाची पडझड कोणीं दुरुस्त करावी, पाहुण्या शिपायांच्या शिध्यावर किती खर्च घालावा, हें ठरवावयास नव्हे. तो विषय गांवखर्चांत येई, आणि गांवखर्चाचा हिशेब पाटील-कुळकर्ण्यांच्या हातीं असे. एकाचा अधिकार आणि दुसऱ्याची लेखणी मिळाली म्हणजे बाकीच्यांस तो हिशेब तपासण्याचें साधन उरत नसे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां त्यांचा रोख ह्या लेखणीवर होता. आणि तो अस्थानीं होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही तरी करणार नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. गोतांत बसण्याचा हक्क वतनावरून येई. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष मोठ्या मोलाची मानीत. शीव चालून दाखवावयाची ती त्यानेंच. तोच महार निवाड्याच्या वेळीं पाटलाच्या शेजारीं बसत नसे. गांवास त्याचें ज्ञान हवें होतें, मत नको होतें. स्त्रियांची हजेरी तर अपवादानेंच, एखादी वतनदारीण असली तर. १८३० सालीं चार्ल्स मेटकाफनें हिंदी गांवांचें वर्णन लहान लहान प्रजासत्ताकें म्हणून केलें, आणि तें आपल्याकडील विद्वानांस इतकें गोड वाटलें कीं, ह्या प्रजासत्ताकांत प्रजा कोण हें विचारावयाचें बहुतेक राहूनच गेलें. विचारलें तें डॉक्टर आंबेडकरांनीं. १९३२ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ग्रामपंचायतींचें बिल आलें असतां, अस्पृश्यांस राखीव प्रतिनिधित्व दिल्याशिवाय पंचायतींच्या हातीं सत्ता देण्यास त्यांनीं विरोध केला. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत घटनेचा मसुदा मांडतांना त्यांनीं ग्रामसंस्थेच्या गौरवावर जी टीका केली ती सर्वश्रुतच आहे. त्याच महिन्यांत के. संतानम् यांची दुरुस्ती स्वीकारली जाऊन ग्रामपंचायतींचें कलम घटनेंत आलें, तें आजचें चाळिसावें. टीका आणि कलम हीं दोन्ही एकाच महिन्यांतलीं आहेत, हें गांवाविषयीं लिहिणारानें नेहमीं ध्यानांत ठेवावें.

इंग्रजी अंमलांत वऱ्हाडच्या रयतेस एक लाभ झाला आणि एक हानि झाली. मुंबईच्या धर्तीवर जमिनींची मोजणी झाली व प्रत्येक कुणब्याचा नंबर सरकारदप्तरीं स्वतंत्र लागला, हा लाभ. पण त्यामुळें गांव हा जो एक समूह सरकारापुढें उभा राही, तो उभा राहीनासा झाला. एकेका खातेदाराशीं सरकारचें नातें जडलें, आणि गोताचा निवाडा दिवाणी कोर्टांत गेला. शिवाय वऱ्हाडची एक विलक्षण अडचण होती. प्रांत नांवानें निजामाचा असल्यामुळें येथील कायदे गव्हर्नर जनरलच्या हुकुमानें लागू होत. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत निदान वाद तरी होई. वऱ्हाडांत कायदा येई तो आयताच.

ह्याच सुमारास पुण्यास जो प्रयोग चालला होता त्याची आठवण येथें केल्यावांचून राहवत नाहीं. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं तक्रारी निघाल्या, त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते तिचे प्राण होते. ह्या सभेचा सभासद व्हावयाचें तर निदान पन्नास लोकांनीं सही करून दिलेलें मुखत्यारपत्र आणावें लागे. आरंभींच्या ९५ सभासदांच्या पाठीशीं अशीं सहा हजार माणसें होतीं. मत देण्याचा अधिकार कायद्यानें मिळण्यापूर्वीं लोकांनीं तो अशा युक्तीनें आपणच घेतला. पुढें ह्या सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, आणि १८७६-७७ च्या दुष्काळांत ठिकठिकाणची खबर जमवून सरकारापुढें मांडली. सरकारनें विचारलें नाहीं, तर आपण जाऊन सांगावें, आणि सांगतांना कोणाच्या वतीनें सांगतों हें कागदावर दाखवावें. ही रीत आजही जुनी झालेली नाहीं.

१८८२ सालीं लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. त्याचें स्मरण बहुधा निवडणुकीच्या तत्त्वासाठीं करितात; परंतु त्यांतील दुसरें एक सूत्र आम्हांस तितकेंच महत्त्वाचें वाटतें. बोर्डाचा मुलूख फार तर तालुक्याएवढा असावा, म्हणजे सभासदांस तेथील माहिती व आस्था दोन्ही राहील, असें त्या ठरावाचें म्हणणें होतें. वऱ्हाडांत १८८५ च्या कायद्यानें तालुका बोर्डें व जिल्हा बोर्डें निर्माण झालीं. पण पैसा जिल्ह्याकडे, अध्यक्षपणाचा मान बराच काळ साहेबाकडे, आणि तालुक्याकडे रस्त्यांवरचे खड्डे, असा एकंदर प्रकार राहिला.

रिपनचें तें सूत्र खऱ्या अर्थानें उचललें गेलें तें १९४८ सालीं. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनें स्थानिक कारभाराचा नवा कायदा करून जिल्हा हें अंगच गाळलें, आणि तालुक्या-तहशिलीगणिक एकेक जनपद सभा स्थापिली. द्वारकाप्रसाद मिश्र यांची ही योजना. मंगरूळपीरचाही अशा रीतीनें जनपद झाला. आज तालुक्यांतील तरुणांस हा शब्द विचारला तर तो कोठल्या तरी पुराणांतला वाटेल. परंतु सुमारें चौदा वर्षें शाळा, रस्ते, दवाखाने ह्यांचा विचार मंगरूळच्याच कचेरींत होत असे. शहर व खेडीं एकाच सभेंत बसवावीं, कापूस पिकविणारा आणि तो विकत घेणारा ह्यांनीं एकमेकांसमोर बोलावें, हा ह्या योजनेंतील विचार आम्हांस फार मार्मिक वाटतो. सरकारचीं खातीं हळूहळू जनपदांच्या हवालीं करावयाचीं असेंही योजिलें होतें. तें झालें नाहीं. खातीं आलीं नाहींत, पैसा बेताचा राहिला, आणि कारभाराचीं सूत्रें महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे राहिलीं. सभा जवळ आली होती. सत्ता आली नव्हती.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीं वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. नाईक पुसदच्या भागांतले, गहुलीचे. म्हणजे ज्या जुन्या वाशीम जिल्ह्यांत मंगरूळ होतें त्याच जिल्ह्याच्या मुलुखांतले. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीनें १९५७ सालीं गटाची पंचायत समिति हा मुख्य आधार धरावा असें सुचविलें होतें. नाईक समितीनें तें मानलें नाहीं. इंजिनिअर, डॉक्टर, शेतकी अधिकारी हीं माणसें ठेवण्याची ऐपत जिल्ह्यालाच असते, म्हणून जिल्हा परिषद बलवान असावी, असा तिचा कौल पडला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, पंचायत समिति ही तिची शाखा झाली, आणि जनपद संपले. ह्या निर्णयास आम्ही सर्वस्वीं चूक म्हणत नाहीं. खेडोपाडीं ज्या शाळा दिसतात त्यांतील बहुतेक जिल्हा परिषदेच्या आहेत, आणि दुबळ्या जनपदांच्यानें त्या उभ्या राहिल्या असत्या असें वाटत नाहीं. कलेक्टरास व आमदारांस परिषदेबाहेर ठेवण्यांतही धोरण होतें. तरी पण मंगरूळच्या माणसास आपल्या तालुक्याच्या रस्त्याविषयीं बोलावयाचें तर अकोल्याची वाट धरावी लागली, ती पुढें छत्तीस वर्षें.

तालुक्याची सभा गेली, तेव्हां उरली ती गांवाची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमांत ग्रामसभा आहे. १९९३ सालीं अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तिला घटनेचा आधार मिळाला. गावांतील प्रत्येक मतदार तिचा सभासद. येथें वतन लागत नाहीं. अनुसूचित जाति-जमातींस पंचायतींत राखीव जागा, स्त्रियांस १९९३ पासून तृतीयांश व महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्या, आणि ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा, ही तरतूद पाहिली म्हणजे १९३२ सालच्या आक्षेपास कायद्यानें तरी उत्तर दिलें आहे असें म्हणावें लागतें. जो शीव चालून दाखवीत असे त्याच्या वंशजास आतां सरपंचाच्या खुर्चीवर बसतां येतें.

मात्र ह्याच कायद्याच्या नियमांत एक बारीकसें भोंक आहे, आणि आमच्या मतें सगळा प्रश्न तेथें येऊन अडतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकीं जी संख्या कमी असेल तितकी माणसें लागतात. म्हणजे मतदार सातशें असोत कीं सात हजार, शंभर माणसें जमलीं कीं गांव जमलें. तेवढींही न जमलीं तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाहीं! पुष्कळ गांवीं खरी सभा असते ती ही दुसरी. पहिलीच्या दिवशीं लोक शेतांत असतात, दुसरीस सरपंच, सचिव आणि चार माणसें असतात, ठराव होतात, वही मागाहून घरोघर फिरते आणि सह्या-आंगठे जमतात. जुन्या महजरांतील नांगर आणि तागडी ह्या जागेवर हजर असल्याच्या निशाण्या होत्या. ह्या वहींतील आंगठा कशाची निशाणी?

त्यांत वाशीमच्या बाजूस तांड्यांची आणखी एक अडचण आहे. बंजारा तांड्याची स्वतःची सभा होती. नायक व कारभारी यांच्या पुढें नसाब बसे आणि भांडणें तुटत. तांडा पुष्कळदां महसुली गांव नसल्यामुळें तो शेजारच्या गांवाच्या पंचायतींत जोडला गेला. आपल्या ओट्यावर बोलणारा माणूस दुसऱ्या गांवच्या चावडींत मागें उभा राहतो, ह्यांत नवल तें काय?

२०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' ह्या नांवाखालीं प्रत्येक ग्रामपंचायतीनें आपला आराखडा स्वतः करावा असें ठरलें आहे. वर मात्र जिल्हा नियोजन समिति आहे आणि तिचा अध्यक्ष पालकमंत्री, म्हणजे मुंबईहून नेमलेला. गांवचा आराखडा वर जातां जातां त्यांत काय काय गळतें आणि काय काय मिसळतें हें पाहणें मोठें मौजेचें आहे. ज्याची विहीर गळते त्यास मात्र मौज वाटत नाहीं.

कायदा तोच असतां कांहीं गांवांनीं त्याचें सोनें केलें आहे. नगरकडील हिवरे बाजारांत पोपटराव पवारांच्या पुढारीपणाखालीं ग्रामसभा दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकें ठरवितात. गडचिरोलींतील मेंढा-लेखा ह्या गोंड गांवाची रीत आम्हांस त्याहूनही विचारार्ह वाटते. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसंमतीनें होतो. आणि सभेपूर्वीं अभ्यासगट बसतो. कायदा काय म्हणतो, जंगलाचा कागद कोणाच्या नांवें आहे, बांबूचा भाव काय, हें त्यांत समजून घ्यावयाचें, आणि मग सभेंत यावयाचें. ह्या तयारीच्या जोरावर २००९ सालीं त्यांनीं सुमारें अठराशें हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ सालीं आपला बांबू आपल्या परवान्यानें विकण्याचा अधिकारही. जुन्या गांवांत लेखणी कुळकर्ण्याची होती, आज सचिवाची आहे. मेंढ्यांत ती सर्वांच्या देखत चालते. ग्रामसभा घरोघर फिरणाऱ्या वहींतून बाहेर काढावयाची तर गणपूर्तीच्या आंकड्यापेक्षां ह्या अभ्यासगटाचा उपयोग अधिक होईल असें आम्हांस वाटतें.

मंगरूळपीर तालुक्यांत शेलूबाजार म्हणून बाजाराचें गांव आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग त्याच्या जवळून जातो. नागपूर-शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. आरंभीं ह्या रस्त्यासाठीं शेतकऱ्यांनीं जमिनी एकत्र करून द्याव्या व मोबदल्यांत विकसित भूखंड घ्यावे अशी योजना होती. तीस ठिकठिकाणीं विरोध झाला, आणि २०१७ सालीं थेट खरेदीचा मार्ग काढण्यांत येऊन पाचपटीपर्यंत मोबदला देऊं केला गेला. पुष्कळांनीं तो घेतला. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं, आणि विरोधामुळें योजना बदलली हेंही खरें. पण विचारलें गेलें तें खातेदारास, आणि विचारलें गेलें तें किंमतीविषयीं. मोजणीच्या वेळीं नंबरगणिक वेगळा झालेला कुणबी येथेंही वेगळावेगळाच सही करून आला. ज्यांच्या नांवें जमीन नाहीं पण पोट जमिनीवर आहे अशा मजुरांनीं सही कोठें करावी, भरावाच्या पलीकडे गेलेल्या शेताकडे बैलगाडी कोणत्या वाटेनें न्यावी, पावसाचें पाणी कोणत्या अंगास वळेल, हे प्रश्न कोणा एका नंबराचे नव्हते. ते पांढरीचे होते, आणि खरेदीखतांत पांढरीच्या निशाणीस जागा ठेवलेली नव्हती.